पांडा, कासव आणि माझा नेम

सिंगापूरला एक प्राणी-उद्यान आहे. तिथे जगातल्या मोठ्या नद्या एकेक करून वसवल्या आहेत आणि मधोमध पांडा ठेवले आहेत. त्या उद्यानात मी गंगेत दोन रुपयांचं नाणं टाकलं. ते हातातून निसटलं नव्हतं. मी नेम धरून टाकलं होतं.

हे का केलं, ते सांगायचं तर आधी सुरतेत यावं लागेल.

कोसाड

आम्ही मूळचे चोपड्याकडचे, तापीकाठचे. पोटासाठी सुरतेला आलो, तर तापी आमच्या आधीच इथे येऊन पोचली होती. घर नदीच्या अलीकडे कोसाडला आणि नोकरी पार तिकडे सचिन गावाला, एका साडी-छपाईच्या मिलमध्ये. तिथे मी कलर मास्टर होतो. म्हणजे रंग कालवायचा, कापडावर उतरवून बघायचा आणि बिघडला तर हाताखालच्या माणसावर ओरडायचं. निवृत्त होईपर्यंत रोज मिलच्या बसने तापीचा पूल ओलांडला. पूल आला की अख्खी बस हात जोडायची आणि आठवड्याच्या पहिल्या पाळीला खिडकीतून एकेक नाणं नदीला जायचं. सोबत एक मागणंही जायचं. कुणाला मुलगा पास व्हायला हवा असायचा, कुणाला शेठ गावाला गेलेला हवा असायचा. पुढे पुलाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवली. लोकांना वाटलं आता हे थांबेल. आमचा फक्त नेम सुधारला. धावत्या बसमधून जाळीच्या भोकातून नाणं पार करणारे आमच्या पाळीत तिघे होते, आणि त्यातला पहिला नंबर कुणाचा हे मी सांगायला नको.

मुलगी ज्योती सिंगापूरला कॉम्प्युटरचं काम करते. तिने तिकिटं पाठवली आणि बजावलं की पप्पा, इथे कायदे कडक आहेत, रस्त्यात थुंकायचं नाही, कुठेही काही टाकायचं नाही, आणि माझे कायम राहण्याचे कागद अजून सरकारकडे पडून आहेत, तेव्हा जरा सांभाळून. मी तंबाखू घरी ठेवली आणि स्वतःला सुधारलेला माणूस समजून विमानात बसलो.

पहिला दिवस

पहिला दिवस मी मान वर करून काढला. तिथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून लांब काठ्या बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घालतात. विसाव्या मजल्यावरची लाल चादर गुलाबी व्हायला लागली आहे, हे मला खालून दिसत होतं. अख्खा रस्ता मी कुणाचा रंग पक्का आणि कुणाचा कच्चा हेच बघत चाललो आणि दोनदा खांबावर आपटलो. आमच्या सौभाग्यवती, मंगल, हिला नवल वेगळ्याच गोष्टीचं. सबंध संध्याकाळ रस्त्यावर एकही हॉर्न ऐकू आला नाही. तिला रात्री झोप लागेना.

दुसरा दिवस, गंगेवर

उद्यानात शिरलो तेव्हा सकाळच होती, पण हवा आमच्या मिलच्या वाफ-खात्यासारखी दमट. वाट झाडीतून जाते आणि दोन्ही बाजूंना नद्या लागतात. एका काचेमागे माणसापेक्षा लांब मासे फिरत होते. ते एवढ्या संथपणे वळत की ट्रक वळवायला जागा बघतोय असं वाटावं. दुसरीकडे तळाला एक राखाडी गालिचा पसरला होता. मी म्हटलं, बघ, कापड टाकलंय. तेवढ्यात गालिच्याने कड उचलली आणि तो पोहत निघून गेला. ज्योतीने सांगितलं की तो गोड्या पाण्यातला पाकट मासा आहे आणि याहून कितीतरी मोठा होतो. मंगलने नकळत काचेला हात जोडले. मी तिला हसलो. त्याचं फळ मला दहाच मिनिटांत मिळालं.

पाणी मला सगळ्यात जास्त झपाटत होतं. मी आयुष्यभर पाणी रंगवलं. पूर्वी आमच्या मिलमागच्या नाल्याकडे बघून मी सांगायचो की आज आतमध्ये कुठल्या साडीचा माल चालू आहे, आणि ते मी मोठ्या अभिमानाने सांगायचो. इथे पाण्याला रंगच नव्हता. दोन माणसं खोल पाण्यात तळाचा खडा न् खडा दिसत होता. माशाची सावली वाळूवर माशाच्या मागे मागे चालत होती. मी तोंड उघडं टाकून उभा होतो. पाणी असं असतं, हे मला साठीनंतर कळत होतं.

मग गंगा आली. लाकडी पूल, खाली हिरवट पाणी, काठावर वाळू, वाळूवर लांब नाकाच्या सुसरी आ वासून पडलेल्या. पांडाकडे रांग लागते म्हणून ज्योती जागा धरायला पुढे गेली होती. जाताना सांगून गेली की पांडा दिवसाचा बराच वेळ झोपून असतात, दिसला तर नशीब. माझ्या मनाने तेवढंच धरून ठेवलं. हजारो मैल आलो आणि तो पाठ करून झोपलेला दिसला तर कोसाडला जाऊन काय सांगायचं? पायाखाली पूल होता, पुलाखाली गंगा होती आणि खिशात हात गेला तर सुरतेचं दोन रुपयांचं नाणं हाताला लागलं.

पुढचं हातानेच केलं. कठड्याखाली जाळी होती. जाळी दिसल्यावर तर हात थरथरलासुद्धा नाही. मनात म्हटलं, गंगामाय, पांडा जागा ठेव. नाणं भोकातून अलगद पार झालं आणि टुपकन आवाज आला.

त्या आवाजाबरोबर तळाची वाळू हलली. वाळूतून एक सपाट, मऊ पाठीचं, परातीएवढं कासव वर आलं. त्याने नळीसारखी मान लांब काढली आणि नाणं गेलं त्या दिशेने तोंड फिरवलं. मग गढूळ झालं आणि काही दिसेना.

मंगल बाहेर गुजराती बोलते, फोनवर हिंदी बोलते आणि माझ्यावर चिडली की थेट अहिराणीवर येते. ती हळूच म्हणाली, “तुम्ही काय टाकं?”

मी म्हटलं, काही नाही, नमस्कार केला.

तिने बोटाने कठड्यावरची पाटी दाखवली. पाटीवर हाताचं चित्र, हातातून पडणारा गोल आणि त्यावर तांबडी फुली. खरं सांगतो, ती पाटी मी आधीच पाहिली होती. मला वाटलं होतं, प्राण्यांना बिस्किटं टाकू नका.

पांडा

मी सज्जन माणूस असतो तर तिथेच कुणाला तरी गाठलं असतं. मी मंगलला म्हटलं, चल, रांग निघून जाईल.

पांडांच्या दालनात थंड हवा सोडलेली असते. बाहेरच्या उकाड्यातून आत शिरलो तर अंगावर काटा आला. खडक होते, झाडं होती, वरून उजेड झिरपत होता आणि समोर, पंधरा पावलांवर, पांडा बसला होता. जागा होता.

तो बसला कसा होता ते सांगतो. दुपारच्या सुटीत आमचे कारागीर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, मांडीवर डबा घेऊन बसतात, अगदी तसा. पोटावर बांबूची जुडी. त्यातली एक काठी उचलायची, नाकाशी धरून हुंगायची, नापसंत असली तर बाजूला टाकायची. पसंत पडली की दाताने हिरवी साल सर्रकन सोलायची आणि मग आतला गर कडाकडा फोडायचा. तो आवाज सगळ्या दालनात घुमत होता आणि शंभरेक माणसं एखाद्या गवयासमोर बसावीत तशी तो ऐकत होती. लहान मुलंसुद्धा गप्प होती.

मी मात्र रंग बघत होतो. काळा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात द्वाड रंग. पांढऱ्या कापडावर काळा छापला की तो कुठे ना कुठे पसरतोच. एक धुलाई झाली की पांढरा मळकट दिसायला लागतो. किती साड्या मी त्यापायी परत पाठवल्या असतील. आणि इथे हा प्राणी पावसात भिजतो, चिखलात लोळतो, तरी खांद्यावरचा काळा पट्टा जिथे संपायला हवा तिथेच संपलेला. डोळ्याभोवतीचा काळा एक केसभरही गालात उतरलेला नाही. तो पांढराही आमच्यासारखा निळीतला पांढरा नव्हता, त्याला सायीची झाक होती. हे कुणी कालवलं असेल, कुठल्या मापाने? एवढी वर्षं लोक मला मास्टर म्हणायचे. त्या पांडासमोर मला ती हाक आठवली आणि लाज वाटली.

मग पांडाने खाणं थांबवलं आणि मान वर करून आमच्या बाजूला पाहिलं. मला वाटलं, माझ्याकडेच. एवढुसे डोळे, शांत, कुठलीच घाई नसलेले. माझ्या मनात आलं, गंगामायने माझं ऐकलं. आणि लगेच दुसरं मनात आलं की मग आता किंमत कोण देतंय?

बाजूच्या दारातून एक कामगार बाई आत दिसत होती. ती पांडाचा पुढचा बांबू फडक्याने पुसत होती. एकेक काठी पुसायची, उजेडात फिरवून बघायची, चिरलेली असली तर काढून टाकायची. खाणाऱ्या जनावराच्या तोंडाला काडी लागू नये म्हणून. मी दहा काठ्यांपर्यंत बघू शकलो. अकराव्याला ज्योतीचा दंड धरला आणि सांगून टाकलं.

ज्योती म्हणाली, “पप्पा, मस्करी करताय ना?”

मी मान खाली घातली. तिने डोळे मिटले. तिच्या कागदांचं काय होईल ते तिच्या कपाळावर मला वाचता येत होतं. मी म्हटलं, बेटा, मी एकटा जातो, तुझं नाव घेणार नाही. ती म्हणाली की तुम्हाला इंग्रजीत कासव म्हणता येतं का आधी ते सांगा. येत नव्हतं.

मंगलने पिशवी खांद्यावर टाकली. “चला मांगे,” ती म्हणाली आणि आमच्या पुढे चालायला लागली.

परत गंगेवर

पुलापाशी गमबूट घातलेली, पन्नाशीची, उन्हाने रापलेली एक बाई पाण्यातली पानं जाळीने काढत होती. तिथल्या जनावरांची देखभाल तिच्याकडेच होती. ज्योतीने तिला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण तिने जाळी खाली ठेवली ते कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, कुठे पडलं?

हे मात्र मला येत होतं. रंग लक्षात ठेवण्यातच जन्म गेला. तिसऱ्या फळीसमोर, शेवाळी दगडाच्या डावीकडे, जिथे वाळू जरा विटकरी आहे तिथे. बाईने लांब दांड्याची जाळी त्या जागी फिरवली. एकदा, दोनदा, पाच वेळा. वाळू वर आली, काड्या वर आल्या. नाणं आलं नाही.

ज्योतीच्या तोंडून बाईचं म्हणणं कळलं. तळाला चमकलेलं काही दिसलं की कासव ते खाणं समजून गिळतं. धातू पोटात राहतो, विष भिनतं, कासव खाणं सोडतं आणि महिनोन् महिने झिजत मरतं. कुणाला कळतही नाही. लोक आशीर्वाद मागून जातात, असंही ती म्हणाली.

तिने वायरलेसवर दोघांना बोलावलं. कासवाला जाळीतून वर काढलं. पाण्याबाहेर ते आणखी मोठं दिसत होतं. मान आत ओढून घेतलेली, नाकाची नळी तेवढी बाहेर, आणि पोटाखालचे चार पाय हवेत पाणी शोधत होते. त्याला टबात ठेवून तपासायला नेलं. यंत्राखाली धरलं की पोटात धातू आहे का ते दिसतं. बाई म्हणाली, तासाभराने या.

पाण्याखालचं झाड

तो तास आम्ही शेवटच्या दालनात काढला. माझे पाय चालत होते, मन टबात होतं.

आत अंधार, आणि समोर एक अख्खी भिंत काचेची. भिंतीमागे जंगल, पण पाण्यात बुडालेलं. दक्षिण अमेरिकेत एक नदी आहे, ती पावसाळ्यात रानात शिरते, तेव्हा असं होतं म्हणे. झाडांच्या खोडांमधून मासे जात होते, फांद्यांवर पाखरं बसावीत तसे थांबत होते. आणि त्यांच्या मधून, वरून, ढगासारखे, ते आले. त्यांना मॅनाटी म्हणतात. म्हशीएवढं अंग, पाय नाहीत, पुढे दोन वल्ही, मागे सुपासारखी शेपटी आणि तोंडावर एखाद्या भल्या आजोबांचा भाव. एक जण कोबीचं पान दोन वल्ह्यांत धरून खात होता. दुसरा आमच्या काचेपाशी येऊन उलटा झाला आणि पोट दाखवून निघून गेला. एवढं मोठं धूड, पण पाण्यावर साधी रेघ उठली नाही.

मी खाली फरशीवरच बसलो. मंगल शेजारी बसली. पुराच्या वर्षी सुरतेत आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीला पाणी लागलं होतं. तीन दिवस आम्ही वरून पाणी बघत होतो, कधी उतरतंय म्हणून. त्या पाण्याला आत असं काही असेल, असं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिला म्हटलं, तेव्हा आपण वरून बघितलं, इथे खालून बघतोय. तिने विचारलं की कासवाला सुई टोचतील का.

तास संपायच्या आधीच ज्योतीला बोलावणं आलं.

गमबूटवाली बाई पुलावर उभी होती. कासवाच्या पोटात काही नव्हतं. नाणं पाण्यात पडलं होतं खरं, पण खालच्या मुळीच्या बेचक्यात जाऊन बसलं होतं. कासव बाहेर काढल्यावर पाणी निवळलं तेव्हा ते दिसलं. बाईने मूठ उघडली. तिच्या ओल्या तळव्यावर माझे दोन रुपये होते. मी हात जोडले, तेही चुकीच्या क्षणी, कारण तिला वाटलं मी नाणं परत मागतोय. तिने ते माझ्या हातात ठेवलं.

तिने वहीत आमच्यापुरतं काहीतरी लिहून घेतलं आणि ज्योतीने कागदांचं विचारल्यावर म्हणाली की स्वतःहून परत येणारा या पुलावर क्वचित भेटतो, कागदांची काळजी करू नकोस. मग ती माझ्याकडे वळली. हे तुम्ही केलं कशाला, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी ज्योतीच्या तोंडून सगळं सांगितलं. आमची तापी, मिलची बस, जाळी, नेम, पांडा जागा राहावा म्हणून केलेलं मागणं. पांडाचं ऐकून ती हसली. म्हणाली, त्या वेळेला तो रोजच जागा असतो, बांबू येतो ना.

मग तिने एक प्रश्न विचारला. ज्योतीने तो मराठीत सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

“विचारतायत, तुमच्या नदीत कासवं नाहीत का?”

इतकी वर्षं मी तापीच्या पुलावरून गेलो. नेम पाण्यावर धरला, पाण्यात कधी डोकावलोच नाही.

बाहेर पडलो तेव्हा कडकडून भूक लागली होती. तिथे पांडाच्या तोंडाचे पाव मिळतात, वाफवलेले, पांढरेशुभ्र, काळ्या कानांचे. आत लाल घेवड्याचं गोड सारण. आमच्या पुरणाचंच भावंड, फक्त वेलची टाकायला कुणी विसरलेलं. मी दोन खाल्ले. मंगलने पाव हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि परत ठेवला. जो तुमच्याकडे बघतोय त्याला चावायचं कसं, असं तिचं म्हणणं. शेवटी तिने पिशवीतून दशमी आणि ठेचा काढला आणि मला विचारून, इकडे तिकडे पाहून, कोपऱ्यात उभी राहून खाल्ला. त्या दिवशी कायद्याला भ्यायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं होतं.

तापी

सुरत स्टेशनवर उतरलो. रिक्षा मिळाली ती अमळनेरकडच्या माणसाची. कोसाडपर्यंत कान मोकळे होते त्याचे, आणि मला तर सांगायचंच होतं. पांडा किती मोठा, बसतो कसा, काळा कसा पसरत नाही, पाण्याखालची झाडं, उलटा होणारा मॅनाटी, सगळं सांगितलं. फक्त कासव राहून गेलं, कसं कोण जाणे. सांगता सांगता गंगेवर आलो तेव्हा मी म्हटलं की भाऊ, मी नुसतं मनात मागितलं, गंगामाय, पांडा जागा ठेव, आणि आत जाऊन बघतो तर काय, जागा.

“ऐकस ना ती,” रिक्षावाला भक्तिभावाने म्हणाला.

तेवढ्यात पूल आला. त्याने आपणहून वेग कमी केला, आमच्यासारख्यांना काय लागतं ते त्याला ठाऊक होतं. माझा हात खिशात गेला. तेच नाणं लागलं. मी रिक्षातून वाकून जाळीच्या भोकातून खाली पाहिलं. पाणी कमी होतं, चहाच्या रंगाचं, आणि तळ काही दिसत नव्हता. मी बघत राहिलो, कुठे वाळू हलते का म्हणून.

रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, काका, टाका ना, गंगामायने ऐकलं तर आपली तापीमाय नाही का ऐकणार.

मी काही बोलायच्या आत मंगलने माझा हात धरून नाण्यासकट खिशात परत घातला आणि पुढे वाकून त्याला म्हणाली, “पांडा बांबूसाठे जागा व्हता, भाऊ. यास्नी फक्त एक कासवनी झोप मोडी.”